गळ्याचा पट्टा

दोन वर्षं माझ्या आईवडिलांचं एकमेकांशी बोलणं माझ्यामार्फत चाललं. गोडादऱ्यातलं आमचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे ओटा. आई काय म्हणाली ते बाबांना ऐकू जायचंच. तरी ती मलाच सांगायची, "तुना बापले सांग, भाजी थंडी व्हयी राहिनी." बाबा ताटावर बसायचे आणि मला म्हणायचे, "तुनी मायले सांग, आज रातपाळी शे." मी दोघांच्या मध्ये बसून जेवायचे. सुरुवातीला मी खरंच एकाचा निरोप दुसऱ्याला पुन्हा सांगायचे. पुढे नुसती मान हलवू लागले.

हे गोपालदादा गेल्यापासूनचं.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. साड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होता. मार्केटमधून कापड न्यायचं, पांडेसऱ्याच्या मिलमधून रंगवलेले नमुने आणायचे, दिवसभर मोटरसायकलवर. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, पाच दिवस असताना, अमळनेरची मावशी गाडीने आली आणि स्टेशनवर उभी राहिली. तिला घ्यायला दादा पांडेसऱ्याहून परस्पर निघाला. पुलावर कटलेल्या पतंगाचा दोरा आडवा आला. डोक्यावर हेल्मेट होतं, बक्कल लावलेलं होतं, त्याच्यावर ओरखडासुद्धा आला नाही. दोरा हेल्मेटच्या खाली लागला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चोवीस वर्षांचा होता.

बाबा बमरोलीच्या एका लूम कारखान्यात आहेत. बारा तासांची पाळी. पण डिसेंबर लागला की सुट्टीच्या दिवशी आणि पाळी सुटल्यावर ते मांजा विकणाऱ्या मगनभाईंच्या मांडवात मांजा घासायला जायचे. रस्त्याच्या कडेला वीस-पंचवीस पावलांवर दोन खांब रोवायचे, त्यांच्यात पांढरा दोरा ताणायचा, आणि काचेची पूड, सरस आणि गुलाबी रंग कालवून केलेला गोळा मुठीत धरून दोऱ्यावरून हात फिरवत पुढे-मागे चालायचं. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या, तरी संध्याकाळी हातावर बारीक चिरा दिसायच्या. आई कोमट पाण्यात हळद टाकून त्यांचे हात त्यात बुडवायची. बाबांचा हात चांगला होता. उखाकाकांनी, म्हणजे बाबांनी, घासलेलाच दोरा पाहिजे म्हणून लोक थांबायचे. आमच्या गच्चीवरचा पतंग सहसा कटायचा नाही, आणि दादाला त्याचा फार अभिमान होता.

तो दोरा कुणाचा, कुणी घासलेला, हे कधीच कळणार नव्हतं. पोलिसांनी 'अज्ञात' लिहिलं. आमच्या घरात हा प्रश्न कुणी तोंडाबाहेर काढला नाही. पण बाराव्याला पाहुणे जेवून गेल्यावर आईने बाबांच्या हातांकडे पाहिलं. चिरा अजून भरल्या नव्हत्या. ती उठून ओट्यावर जाऊन बसली, आणि त्यानंतर त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, ती त्यांना दोष देते. बाबांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी कधी विचारलं नाही.

बाबा पुन्हा मांडवात गेले नाहीत. पोलिसांनी दादाची गाडी परत दिली तेव्हा ती घरी न आणताच त्यांनी आईच्या भावाकडे गावी पाठवून दिली.

मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आहे. गेल्या दिवाळीनंतर मला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम मिळालं. लोकांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे. पहाटे साडेपाचला निघायचं, कारण बरेचसे नमुने उपाशीपोटी द्यायचे असतात. लॅबवाल्यांची एकच अट होती, स्वतःची गाडी पाहिजे.

मी घरी सांगितलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"बसने जा," ती म्हणाली.

"बस त्या वेळी नसते. आणि सकाळी दहा-बारा घरं करायची असतात, आई. पार दुसऱ्या टोकाला, कोसाडला, अमरोलीला पण जावं लागेल."

"मग दुसरं काम पाहा."

"दुसरं मिळत नाहीये."

ती बराच वेळ तांदळातून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "माले इचारू नको. तुना बापले इचार."

बाबा समोरच बसले होते. त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं, "कोणती गाडी?"

मी म्हणाले, "मोटरसायकल. मोपेड नको."

मोपेड नको याला कारण होतं. मेट्रोच्या कामाने निम्मे रस्ते खोदलेले, आणि मोपेडची छोटी चाकं खड्ड्यात अडकतात. मागे बर्फाचा डबा बांधायचा असतो, त्याला मोटरसायकलची लांब सीट बरी. हे मी बाबांना सांगितलं. एक सांगितलं नाही, की मला मोटरसायकलच येते. दादाने शिकवली होती. दर रविवारी शाळेच्या मागच्या मैदानात. क्लच सोडताना गाडी बंद पडली की तो मागून म्हणायचा, "परत."

बाबांनी पुढच्या सुट्टीच्या दिवशी काशिनाथमामांना बरोबर घेतलं. काशिनाथमामा आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज चालवतात, नंदुरबारकडचे आहेत, कमी बोलतात. आम्ही तिघं सकाळी शोरूमला गेलो.

तिथला विक्रेता मला बघून सरळ मोपेडच्या रांगेकडे वळला. "बहेन के लिए ये वाला देखो, हलका है." बाबा जागेवरून हलले नाहीत. "मोटरसायकल दाखव," ते म्हणाले. विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं, मग काशिनाथमामांकडे, आणि आम्हाला दुसऱ्या बाजूला नेलं.

पहिली गाडी मला दिसायला फार आवडली. काळी, लांब, उंच टाकीची. मी बसले तर डावा पाय टेकला आणि उजव्याची फक्त बोटं. मामा म्हणाले, "उतर. दोन्ही पावलं पूर्ण टेकली पाहिजेत. चालताना गाडी पडत नाही, थांबताना पडते." दुसरीवर पाय टेकले, पण मामांनी मला ती ढकलत मागे न्यायला सांगितलं. चार पावलांत मला दम लागला. "रोज सकाळी गल्लीतून ही तुलाच बाहेर काढायची आहे," ते म्हणाले. तिसरी साधी होती. कमी उंचीची, निळ्या रंगाची, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक. मी ती मागे नेली, वळवली, स्टँडवर लावली, परत काढली. मामांनी वाकून मागच्या चाकाची, कपडा अडकू नये म्हणून असलेली जाळी हलवून पाहिली आणि बाबांना मान डोलावली.

बाबा तेवढा वेळ गाडीकडे बघतच नव्हते. ते माझ्या गळ्याकडे बघत होते. मी ओढणी घेतली होती, ती मी नकळत काढून पिशवीत ठेवली.

"आवडली का तुले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग हीच."

गाडी चार दिवसांनी मिळणार होती. मामा गॅरेजवर परत गेले. मला वाटलं, आम्हीही घरी जाऊ. बाबा म्हणाले, "आते दुसरं सामान." आणि मला घेऊन ते हेल्मेट-जॅकेट विकणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदाराचं नाव भूपेंद्रभाई. बाबांनी आधी येऊन बघून ठेवलेलं दुकान असावं, कारण ते कुठेही न विचारता पोचले.

भूपेंद्रभाई माणूस चांगला होता. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट त्यांनी माझ्या डोक्यात घातलं आणि ते घालूनच दुकानात दहा मिनिटं फिरायला लावलं. गालांवर घट्ट बसलं पाहिजे, पण कपाळाला टोचता कामा नये. पहिलं टोचलं, दुसरं मी मान हलवल्यावर मागे राहिलं, तिसरं बसलं. मग कोपर आणि खांद्याला गाद्या असलेलं जॅकेट, तळव्यावर चामडं असलेले हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. मी आरशात पाहिलं तर मी मलाच ओळखू येईना. बाबा प्रत्येक वस्तू हातात घेऊन शिवण तपासत होते, लूमवरचं कापड तपासतात तशी.

"हजी कंई?" भूपेंद्रभाईंनी विचारलं. अजून काही?

बाबा म्हणाले, "गळ्याचा पट्टा."

"ते तर डिसेंबरमध्ये लोक नेतात, काका. अजून वेळ आहे."

"आत्ता द्या."

त्यांनी एक पट्टा काढून ठेवला. कापडी, मऊ, मागे चिकटपट्टी. "बधा आ ज लई जाय छे. सगळे हाच नेतात."

बाबांनी तो बोटांत चोळला. मग खिशातून काड्यापेटी काढली. तिच्यावर गुलाबी दोरा गुंडाळलेला होता, असेल दोन-तीन हात. बाबांनी दोन्ही हातांना रुमालाचे तुकडे गुंडाळले, पट्टा काउंटरच्या लोखंडी दांडीला बांधला, त्याच्यावर दोरा आडवा घातला आणि ओढला. एकदा, दोनदा. कापड उघडलं. आतला स्पंज बाहेर दिसू लागला.

भूपेंद्रभाई "अरे काका, ये क्या करते हो" म्हणत पुढे आले आणि बाबांच्या चेहऱ्याकडे बघून थांबले.

"दुसरा दाखवा," बाबा म्हणाले. "हा पण बांधून द्या. मी नेईन."

दुसरा चारदा ओढल्यावर गेला. तिसरा भूपेंद्रभाईंनी माळ्यावर चढून स्वतः शोधून काढला. जाड, वरून चामडं आणि आत तारेची जाळी. बाबांनी दोरा ओढला. चामड्यावर रेघ पडली. ते ओढत राहिले. त्यांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. शेवटी दोऱ्याचा रंग झडला, तो पांढरा पडला आणि तुटला. पट्टा तसाच होता.

"हा," बाबा म्हणाले. आणि हँडलला लावायची, दोरा अडवणारी तारेची कमानही त्यांनी घेतली.

भूपेंद्रभाईंनी सामान बांधताना मला हळूच विचारलं, "घरमां कंई थयुं हतुं?" घरी काही झालं होतं का? मी म्हणाले, "माझा भाऊ." त्यांनी पट्ट्यावर आणखी एक कागद गुंडाळला.

बाहेर आल्यावर आम्ही पिशव्या घेऊन फुटपाथच्या कठड्यावर बसलो. समोर रिक्षा भरत होत्या, आम्ही एकीतही बसलो नाही. मी विचारलं, "तो दोरा कुठून आणला?"

"मनाच शे," बाबा म्हणाले. "मीच घासेल शे. त्या सालना उरेल."

त्यांनी घासलेला त्या सालचा दोरा घरात ठेवला आहे हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं तो कोणत्या तरी कोनाड्यात पडून होता.

"त्या साली महिनाभर घासलं मी," ते म्हणाले. "हजारो वार. कोण कुठे घेऊन गेलं, कोणी कुठून उडवलं. त्याच्या हेल्मेटच्या पट्ट्यात तुकडा अडकला होता ना, दवाखान्यात मी तो बोटाने चाचपून पाहिला. माझा हात मला कळतो. रात्रीच्या अंधारात दिला तरी सांगेन. पण त्या दिवशी कळेना. बोटं सुन्न झाली होती. माझा आहे असंही कळेना आणि माझा नाही असंही कळेना."

"तसं नसतं, बाबा."

"मग कसं असतं?"

मी त्यांचा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे, त्यानंतर पहिल्यांदा. तळवा खरखरीत होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "चल. तुनी माय वाट पाहत असेल."

चार दिवसांनी गाडी आली. शेजारच्या बायकांनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आई दारातच उभी राहिली, खाली उतरली नाही. गाडीकडे तिने नजर टाकली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघाले तेव्हा मात्र ती माझ्या आधी उठली होती. मी जॅकेट घातलं, बूट बांधले, आणि पट्टा उचलला तर तिने तो माझ्या हातून घेतला. तिने तो माझ्या गळ्याला लावला, मागची चिकटपट्टी दाबली, आणि पट्ट्याच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं, हनुवटीपर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. कुठे उघडं राहिलं का ते बघत होती. तिचं बोट गार होतं. ती म्हणाली, "हळू जा." मी गेले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. ते मला आईने खूप दिवसांनी सांगितलं, तेही सलग नाही.

त्या सकाळी साडेसातला बाबा रातपाळीहून आले. मी नव्हते. दोन वर्षांत प्रथमच असं झालं की सकाळी घरात ते दोघंच, आणि मध्ये कुणी नाही. बाबांनी पाय धुतले आणि ओट्यावर बसले. आईने चहा केला. चहा झाला आहे हे सांगायला कुणी नव्हतं. तिने कप नेऊन त्यांच्यासमोर ठेवला. बाबांनी कप उचलला नाही. ते रस्त्याकडे बघत होते.

ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी त्याले सांगेल व्हतं. ह्या पंधरा दिन पुलवरथून जावू नको, खालना रस्तावरथून जाय. दरसाल सांगू. त्याने ऐकं नही."

आई तिथेच खाली बसली.

"त्याने ऐकं व्हतं," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

आईने सांगितलं. त्या दिवशी मावशीचा स्टेशनवरून तीनदा फोन आला होता, बरोबर सामान होतं, पाय दुखत होते. आईने दादाला फोन केला. दादा म्हणाला, खालच्या रस्त्याला आहे, ट्रॅफिक आहे, अर्धा तास लागेल. आई म्हणाली, बहीण कधीची उभी आहे, तिला काय वाटेल, पुलावरून ये. एवढंच. फोन ठेवला आणि ती मावशीसाठी भाकरी थापायला बसली.

"मी सांगं त्याले," आई म्हणाली. "मीच सांगं. तुम्हीन नही."

हे ती दोन वर्षं कुणाला बोलली नव्हती. मला नाही, मावशीला तर नाहीच. बाबांशी बोलायला तोंड उघडलं तर पहिलं हेच बाहेर पडेल, म्हणून तिने तोंडच मिटून घेतलं होतं. आणि ते आपल्या हातांना दोष देत बसले आहेत हे तिला दिसत होतं. तरी तिने ते चालू दिलं. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. "माले सोपं पडे ते," ती म्हणाली.

मी विचारलं, "मग बाबा काय म्हणाले?"

"रागावले पण नहीत. बऱ्याच येळनी इचारं, फोनवर तो काय म्हने?"

"काय म्हणाला होता?"

"'हा माय, येस' म्हने." हो आई, येतो.

मग बाबांनी गार झालेला चहा प्यायला, आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. आई म्हणते, ते झोपले नव्हते, पाठ हलत होती. ती त्यांच्याजवळ गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं, असं तिला आता वाटतं. मी अकराला घरी फोन केला, सगळी घरं झाली म्हणून. तेव्हा आईने फोन कानाला धरूनच खोलीत हाक मारली, "पोरगी बरी शे." तिने कुणाला सांगितलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

आता ते बोलतात. फार नाही. मीठ, रॉकेल, भाडं, कुणाचं लग्न. कधी कधी मला वाटतं, बोलणं सुरू झाल्यावर ते दोघं जास्तच एकटे पडले. आधी प्रत्येकाजवळ एक काहीतरी धरून ठेवायला होतं, बाबांजवळ स्वतःचे हात आणि आईजवळ तिचं न बोलणं. आता दोघांजवळ एकच आहे, दादा नाही एवढं, आणि त्याचे दोन भाग करता येत नाहीत.

जानेवारीत उत्तरायणच्या दोऱ्यांमुळे पुलांवर दुचाकींना बंदी आली. त्या आठवड्यात मी खालच्या रस्त्यांनी फिरले. झाडांना, विजेच्या तारांना गुलाबी दोरे लोंबत होते. एके ठिकाणी एक दोरा माझ्या हँडलच्या कमानीवर अडकला आणि सुटून गेला. मी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ तशीच बसून राहिले, दोन्ही पाय जमिनीवर टेकून. पुढच्या घरी एक म्हातारे गृहस्थ उपाशी बसले होते. मी उशिरा पोचले म्हणून ते रागावले. मी त्यांची माफी मागितली, बाही वर करायला सांगितली आणि शीर शोधायला लागले. ती लवकर सापडत नव्हती. मी दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला आणि परत शोधली.

दोऱ्याचं मी घरी सांगितलेलं नाही.